एका बुटाची सहल

३ मार्च, मंगळवार

साडूचा फोन आला. चौघांची क्रूझ ठरली म्हणे. ठरली म्हणजे त्याने ठरवली, आम्हाला फक्त कळवलं. मला विचारलं नाही याचं नवल नाही. त्याच्यासारख्या जन्मभर रंगाच्या दुकानात बसून डबे विकणाऱ्याला मार्ग, टप्पे, थांबे यातलं काय कळणार? मी बस आगारात रिटायर होईपर्यंत वेळापत्रक विभाग सांभाळला. पण घरचा जाणकार कोणाला दिसतो?

संध्याकाळी तो ब्रोशर देऊन गेला. जहाज तीन बंदरांना लागतं. प्रत्येक ठिकाणी कंपनीच्या स्वतःच्या सहली आहेत. त्यांना एक्स्कर्शन म्हणायचं. सहलीच्या नावापुढे बुटांची चित्रं असतात. एक बूट म्हणजे सोपी, चालणं जवळजवळ नाहीच. दोन म्हणजे मध्यम. तीन म्हणजे चढ, पायऱ्या. साडूने तिन्ही बंदरांना एका बुटाच्या सहलींवर खुणा करून ठेवल्या आहेत. चांगला धडधाकट माणूस, आणि एक बूट! मी हसलो. तो हसला नाही.

तो गेल्यावर बायको म्हणाली की खुणा ताईसाठी आहेत. ताई म्हणजे तिची मोठी बहीण, साडूची बायको. गेल्या वर्षी ऑपरेशन झालं, ते दुखणं परत आलंय. डॉक्टर म्हणाले, आता पुढे काही करू नका, काय बघायचं ते बघून घ्या. ताईला समुद्र बघायचाय. हे सगळं मला माहीत आहे. पण डॉक्टर लोक एकाचं दोन करून सांगतात. परवाच ताई फोनवर माझ्या टकलाची थट्टा करत होती. मरायला टेकलेलं माणूस दुसऱ्याच्या टकलाकडे बघत नाही.

बायकोची मागणी एकच. बंदरावर उतरल्यावर चौघांनी बरोबर फिरायचं. ताईबरोबरचे हे दिवस तिला हवे आहेत. विचार करतो म्हटलं.

विचार केला. संकल्प: एकाही एक्स्कर्शनला जायचं नाही. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिण्याची आपल्याला सवय नाही. आपला हात जगन्नाथ. बायकोला मी स्वतंत्रपणे, माझ्या आखणीप्रमाणे फिरवीन. आज तोंड वाकडं करेल, पुढे आभार मानेल.

८ मार्च, रविवार

दिवसभर आखणी. ग्रंथालयातून गाइडबुक आणलं. जरा जुनं आहे, पण किल्ले आणि म्युझियमं काही जागा सोडून जात नाहीत.

ब्रोशरमध्ये जाड अक्षरांत लिहिलंय की कंपनीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, स्वतंत्र फिरणाऱ्यांसाठी थांबत नाही. ही शुद्ध धमकी आहे. गिऱ्हाईक घाबरवायचं आणि तिकीट खपवायचं. मी घाबरणारा नव्हे. मी सरळ राखीव वेळ धरला.

राखीव वेळ हे आमच्या धंद्यातलं मर्म आहे. टायर पंक्चर होतो, फाटक पडतं, ड्रायव्हर चहाला उतरतो आणि गप्पांत रमतो. म्हणून दर फेरीमागे थोडा वेळ बाजूला काढून ठेवायचा. परक्या मुलखात तो दुप्पट धरावा. इथे जहाज आहे, म्हणून आणखी दुप्पट. हिशोब केला तर बंदरावरचा अर्ध्याहून जास्त दिवस राखीव निघाला. उरलेल्यात पाहणं बसवलं. जमलंय.

रोमिंग म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा. दोघांचे फोन बंद ठेवायचे ठरवलं. बायकोने विचारलं, ताईला काही झालं तर? जहाजावर डॉक्टर असतो म्हणून सांगितलं.

१४ मार्च, शनिवार. जहाजावर

केबिनला खिडकी आहे. खिडकीबाहेर बचावाची नारिंगी बोट टांगलेली आहे. समुद्र तिच्यामागे असावा. साडूच्या केबिनला बाल्कनी आहे. ताईला बाहेर बसता यावं म्हणून घेतली म्हणे. ताईचं नाव पुढे करून माणूस किती चैन करून घेतो ते बघण्यासारखं आहे.

जेवणाचं टेबल चौघांचं. मी पोचलो तर माझ्या खुर्चीवर रुमाल. पांढरा, निळ्या काठाचा. ताई काठी टेकत सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती आणि तिने माझी जागा धरली होती. आमच्या आगारात बोर्ड होता: रुमाल, पिशवी किंवा वर्तमानपत्र टाकून जागा आरक्षित होत नाही. त्या बोर्डाचा मजकूर माझाच. हे मी टेबलावर सांगितलं. ताई म्हणाली की जावईबापू, तो बोर्ड परक्यांसाठी, घरच्यांना जागा धरावीच लागते, नाहीतर ती बसतात कुठे आपल्यात. सगळे हसले. वेटरही हसला, त्याला भाषा कळत नसताना.

ताई फार बारीक झाली आहे. गळ्यातली साखळी मोठी वाटत होती. समुद्राची हवा लागली की अंग धरेल. सूप मात्र तिने निम्मं ठेवलं.

१५ मार्च, रविवार. भर समुद्रात

सकाळी थिएटरात एक्स्कर्शनवर भाषण. बोलणाऱ्या बाईचं हसू वर्षाच्या करारावर असावं. पद्धत अशी: प्रत्येकाच्या छातीवर नंबराचा स्टिकर लावायचा. गाइड हातात पाटी धरून पुढे चालणार, स्टिकरवाले मागून. मेंढरांनासुद्धा निदान मधे चरायला सोडतात. मी उभा राहून विचारलं की हीच ठिकाणं एखाद्याने आपल्या अक्कलहुशारीने पाहिली तर? बाई म्हणाल्या की जरूर पाहावीत, बरेच लोक पाहतात, फक्त वेळेत परत यावं. त्यांची बोलतीच बंद झाली. साडूचा चेहरा पाहण्यासारखा झाला असणार, पण तो तेव्हा ताईच्या पाठीशी उशी लावत होता.

नंतर काउंटरवर साडूने तिन्ही सहलींसाठी चौघांची नावं सांगितली. मी दुरुस्ती केली: दोघांची. बायको गालिच्याकडे बघत राहिली. साडू हळूच म्हणाला की निदान शेवटच्या बंदराची चार राहू द्या. तिथे कड्यावर एक चहाघर आहे, खाली सगळा समुद्र दिसतो. ताईने ब्रोशरमधला तो फोटो घरी कपाटाला चिकटवलाय. चौघांनी तिथे बसून चहा प्यायचा, एवढं एकच तिच्या मनात आहे. राहू दे म्हटलं, घोडामैदान जवळच आहे. तिकिटं वाया गेली तर त्याची.

१६ मार्च, सोमवार. पहिलं बंदर

गाइडबुकात ट्राम आहे. बंदरावर ट्राम नाही. ती कधीच बंद झाली, हे तिथल्या पोलिसाने खुणांनी सांगितलं. चालत गेलो. म्युझियम बंद. सोमवारी बंद असतं. जगातली म्युझियमं सोमवारी बंद असतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण इथलंही तसंच असेल, ही अपेक्षा नव्हती.

तरी दिवस फुकट घालवला नाही. बायकोला पायरीवर बसवलं आणि आत काय काय आहे ते दालनवार वाचून दाखवलं. दुसऱ्या मजल्यावर नाणी, तिसऱ्यावर जुनी शस्त्रं. ती केळं खात होती. तिसऱ्या मजल्याला तिने विचारलं की ताई आता बागेत पोचली असेल का. मी पान उलटलं.

मग राखीव वेळ सुरू झाला. परत येऊन जहाजापाशी बाकावर बसलो. उन्हाला फार वेळ बसावं लागलं, पण चिंता नव्हती. पुढे कंपनीची बस आली. ताई बागेतून खुर्चीत बसून हिंडली म्हणे. चाकाची खुर्ची बसमध्येच होती, म्हणून एक बूट. साडूने पिवळी टोपी घेतली आहे, लांबून लिंबू चालत आल्यासारखं वाटतं. ताईने आपला स्टिकर काढून माझ्या शर्टवर चिकटवला. म्हणाली की बसमध्ये तुमच्या दोघांच्या जागेवर रुमाल टाकला होता, गाइड सारखी माणसं मोजायची आणि त्या जागांपाशी अडकायची. नियम माहीत असून ही बाई ऐकत नाही.

स्टिकर निघता निघत नाही. शर्ट धुवायला टाकला.

१८ मार्च, बुधवार. दुसरं बंदर

इथे पाणी उथळ. जहाज लांब उभं राहतं, छोट्या बोटींनी किनाऱ्यावर सोडतात. आधी एक्स्कर्शनवाले. स्वतंत्र लोकांनी टोकन घेऊन बसायचं. उघड पक्षपात आहे. मी टोकन घेतलं नाही. अनुभवाची गोष्ट आहे: सकाळची पहिली गर्दी जाऊ द्यावी, मागून गाड्या रिकाम्या मिळतात. गर्दी ओसरण्याची वाट पाहिली. ती जेवणाच्या वेळी ओसरली.

किनाऱ्यावर उतरलो तेव्हा आखणीप्रमाणे राखीव वेळ सुरू झाला होता. आखणी म्हणजे आखणी. त्याच बोटीत परत चढलो. बोटवाल्याने काही विसरलं का म्हणून विचारलं. नाही म्हटलं. बायकोचे दोन्ही पाय जमिनीला लागले होते, त्यामुळे हा देश पाहिला असं धरायला हरकत नाही.

ती बोटीत किनाऱ्याकडे तोंड करून बसली. लाटा होत्या.

१९ मार्च, गुरुवार. भर समुद्रात

बायको सकाळपासून ताईच्या केबिनमध्ये. मी एकटाच डेकवर. दोन वेळा लिफ्टपर्यंत जाऊन आलो. ताईकडे जावंसं वाटलं, खरं सांगायचं तर. पण साडू बाल्कनी दाखवत बसेल.

दुपारी बायको आली आणि बोलली. इतक्या वर्षांत एका दमात एवढं बोलल्याचं आठवत नाही. म्हणाली की दोन बंदरं झाली, तुम्ही मला एक बंद दार आणि एक धक्का दाखवलात. तेवढ्या वेळात ताईने एकदा जोरात हसून घेतलं, एकदा ती गाडीत माझ्या खांद्यावर झोपली असती, तो खांदा नव्हता तिथे. शेवटी म्हणाली की तुम्ही वेळ राखून ठेवता, ताईकडे राखायला वेळ नाही.

मी तिला टायरचं उदाहरण दिलं. तिने ऐकून घेतलं नाही. माणूस भावनेत असला की त्याला गणित कळत नाही, त्यावर रागावण्यात अर्थ नसतो. मी रागावलोच. साडूवर. त्यानेच हिला फितवली.

उद्या ती एक्स्कर्शनला जाणार. मलाही चलाच म्हणाली. ताईची तेवढीच इच्छा आहे. तिकीट आहे, जागा आहे.

मी तोडगा काढला. मी येणार. ताईच्या चहाला येणारच, मी काही राक्षस नाही. पण बसने नाही. मी माझ्या वाटेने, गावातल्या साध्या बसने जाईन, आणि त्यांच्या आधी तिथे हजर असेन. ते स्टिकर लावून उतरतील तेव्हा मी समोर उभा असेन. म्हणजे तत्त्वही राहील, चहाही होईल. बायकोने ऐकून घेतलं. मग म्हणाली की पण नक्की या. हे वाक्य तिने दोनदा म्हटलं.

२० मार्च, शुक्रवार. तिसरं बंदर. सकाळ

सज्ज. गाइडबुक, पाणी, छत्री. नाश्त्याला ताई भेटली. निळी साडी नेसली होती, हातात रुमाल. म्हणाली की जावईबापू, बसमध्ये नाही तर नाही, वर खुर्ची धरते, उशीर करू नका. मी म्हटलं, मला उशीर? साडूदेखील हसला.

१०.४०

पोचलो! गावच्या बसने, एकही चूक न होता. कड्याच्या मुख्य दाराशी उभा आहे. वर जाणाऱ्या पायऱ्या, बाजूला गाइडबुकातलाच दगडी सिंह. त्यांची बस अजून नाही. बाकावर बसून लिहितोय. अशी मजा नोकरीतसुद्धा आली नव्हती.

११.३०

बसचा पत्ता नाही. हेच ते संघटित पर्यटन. कोणी तरी बाथरूमसाठी थांबवलं असेल, कोणी स्टिकर हरवला असेल. वर जाऊन बसावं असं मनात आलं. पण मी वर असताना ते आले तर मी आधी पोचलो हे त्यांना दिसणार कसं? इथेच थांबणं योग्य. सिंहाशेजारी उभा राहतो, तिथून लगेच दिसेन.

१२.१०

अजून नाहीत. साडूच्या नियोजनाची कीव येते. ताईला उन्हात किती ताटकळवलं असेल. वर कठड्यापाशी कोणी पिवळ्या टोपीवाला दोन्ही हात हलवतोय. असल्या टोप्या इथे पैशाला पासरी. पर्यटकांना उंचावर गेलं की हात हलवण्याचा सोस असतो. काहीतरी ओरडतोही आहे. वाऱ्याने ऐकू येत नाही.

१२.३०

राखीव वेळ सुरू. निघायला हवं. माझा नाइलाज आहे. मी आलो होतो, वेळेआधी आलो होतो, याला सिंह साक्षी आहे. ते आले नाहीत, त्याला मी काय करणार?

संध्याकाळ

बायको परत आली. तिच्याकडून कळलं ते असं.

कड्याला दोन दारं आहेत. पायऱ्यांचं खाली, माझं. तीन बुटांचं. आणि गाडीरस्ता मागून वळसा घेऊन थेट वर जातो, तिथलं दार एका बुटाच्या सहलींसाठी. ताईची खुर्ची तिथे सरळ आत जाते. त्यांची बस अकराला वर पोचली. मी खाली, ते वर. गाइडबुकात या दाराचा उल्लेख नाही. प्रकाशकाला जाब विचारला पाहिजे.

ताईने टेबल कठड्यालगतचं घेतलं. एका खुर्चीवर रुमाल टाकला. वेटर ती खुर्ची न्यायला आला, तर तिने हाताने धरून ठेवली. चहा मागवू दिला नाही, चौघं आल्यावर सांगू म्हणाली. गाइडबाईला गोड बोलून थांबवलं, बस त्यांच्यासाठी थांबली. साडूला खाली बघायला पाठवलं. त्याला मी सिंहापाशी दिसलो. त्याने हाका मारल्या, हात हलवले. मग बिचारा, म्हणजे बायकोच्या शब्दांत बिचारा, निम्म्या पायऱ्या उतरला, तर मी निघून चाललेलो दिसलो. त्याला धाप लागली.

मग तिघांनी चहा प्यायला. ताईने निम्मा ठेवला. जाताना रुमाल उचलला आणि म्हणाली की असू दे, त्यांची फेरी असेल.

मी शांतपणे विचारलं की त्यांची बस किती वाजता पोचली, पुन्हा सांग. अकराला. आणि मी दहा चाळीसला. म्हणजे स्वतंत्र माणूस आधी पोचला, हे त्यांच्याच तोंडून सिद्ध झालं. बायकोने हे ऐकलं आणि बाथरूमचं दार लावून घेतलं. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता. अंघोळ केली असेल, पण बाहेर आली तेव्हा केस कोरडे होते.

जेवणाला ताई आली नाही. दमली होती. माझ्या खुर्चीवर आज काही नव्हतं. सरळ बसता आलं.

२२ मार्च, रविवार. घरी

परत. एकंदरीत प्रवास यशस्वी. कंपनीला कळवलं की दोन दारांबद्दल पाटी लावावी. खाली सही करताना हुद्दा टाकला, निवृत्त लिहिलं नाही.

४ एप्रिल, शनिवार

ताई अंथरुणाला खिळली आहे असं बायको सांगते. बायको आता तिकडेच राहते. साडूला एकट्याने झेपत नाही. स्वयंपाक मी करतो. भात चिकट होतो, तांदूळच तसा आहे.

ठरवलं: ताईला आपण फिरवायचं. आपल्या नदीच्या वरच्या अंगाला धरणाची भिंत आहे. गाडी थेट वर जाते, पायरी एकही नाही. तिथून पाण्याचा मोठा विस्तार दिसतो, समुद्र नाही पण समुद्रासारखा. थर्मासमध्ये चहा न्यायचा. चार घडीच्या खुर्च्या. पूर्ण एका बुटाची सहल. माझ्या डोळ्यांसमोर ती स्पष्ट आहे. साडूला अजून सांगितलं नाही, तो लगेच पुढाकार घेईल.

१२ एप्रिल, रविवार

आज जायचं होतं. पण आधी रस्ता स्वतः पाहून यायला हवा. पाहून आलो. एका ठिकाणी खड्डे आहेत, ताईला हिसके बसतील. दुरुस्ती चालू आहे म्हणे. थांबावं.

९ मे, शनिवार

रस्ता झाला. पण ऊन फार. ताईला अशा उन्हात नेणं म्हणजे मूर्खपणा. जरा ढगाळ हवा येऊ दे. बायकोचा फोन आला, म्हणाली की नुसते भेटायला तरी या, ताई विचारते. मी म्हटलं, येणारच आहे, पण नुसता नाही, सगळी तयारी करून येणार आहे. १४ जूनचा रविवार पक्का केलाय. तोवर हवा बदलते, आणि मधे पुरेसा राखीव वेळही राहतो. तिने फोन ठेवला. तिकडे आवाज नीट लागत नाही.

घडीच्या खुर्च्या आणल्या. ताईसाठीची पाठ टेकता येईल अशी. बसून पाहिली, चांगली आहे.

२ जून, मंगळवार

ताई गेली. सकाळी.

मी पोचलो तेव्हा सगळं झालं होतं. साडू दारात उभा होता. त्याने माझ्या हातातली पिशवी तेवढी घेतली. तिच्यात थर्मास होता. का घेतला होता माहीत नाही.

आखणीप्रमाणे अजून वेळ होता.

२७ जून, शनिवार

ताईच्या आठवणींसाठी साडूने व्यापारी संघाच्या हॉलमध्ये बैठक ठेवली होती. मी वेळेच्या बराच आधी निघालो. पण वाटेत दोनदा घरी परतलो, एकदा छत्रीसाठी आणि एकदा उगाच. त्यामुळे पोचलो तेव्हा लोक बसले होते.

समोर ताईचा फोटो. निळ्या साडीतला, मागे समुद्र. कड्यावरचाच असणार. तिच्या बाजूला एक खुर्ची अर्धी दिसते, खुर्चीवर काहीतरी पांढरं. मी चष्मा पुसला नाही.

साडू दाराशी होता, आलेल्यांना आत बसवत होता. बायको पहिल्या रांगेत. तिच्या शेजारची एक खुर्ची मोकळी, आणि तिच्यावर रुमाल. पांढरा, निळ्या काठाचा. घडी घालून ठेवलेला.

मला बरं वाटलं. लिहायला हरकत नाही, फार बरं वाटलं. वाटलं, एवढं झालं तरी बायकोने आपली जागा धरली. बहिणीची सवय बहिणीत येते. मी सगळ्या हॉलमधून पुढे गेलो, रुमाल उचलला आणि बसलो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. हात तेवढा पुढे केला, रुमाल मागितल्यासारखा. मी दिला. मग हळू आवाजात, शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली की उठा, ही ताईची जागा आहे.

रुमाल टाकून जागा आरक्षित होत नाही. तो बोर्ड माझ्या हातचा आहे, त्यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे. कोणत्याही नियमाने मला तिथे बसता आलं असतं.

उठलो. तिने रुमाल परत होता तसा ठेवला. मागे पुष्कळ खुर्च्या रिकाम्या होत्या, पण मी भिंतीशी उभा राहिलो. थोड्या वेळाने साडू आला आणि माझ्यासाठी एक खुर्ची ओढून देऊन गेला.